शिकागोची घरमूल्य-हमी योजना बंद करायची असेल तर

शिकागो शहराच्या वायव्य किंवा नैऋत्य भागात तुमचं घर असेल, तर मालमत्ता कराच्या दुसऱ्या हप्त्याचं बिल एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आपले पैसे कोणाकोणाकडे किती गेले, याची फोड त्या बिलात असते. शाळा, शहर, काउंटी, पार्क डिस्ट्रिक्ट, सांडपाणी अशा जाड आकड्यांच्या गर्दीत काही पत्त्यांवर ‘होम इक्विटी’ हे शब्द असलेली एक किरकोळ रक्कम दिसते. बँकच एस्क्रोतून कर भरून टाकते, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांनी हे बिल कधी हातात धरलेलंच नसतं. कुक काउंटीच्या खजिनदाराच्या संकेतस्थळावर घराचा चौदा आकडी पिन टाका, बिल समोर येतं.

नेपरव्हिल, शॉमबर्ग, ऑरोरा इकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बिलावर ही ओळ येत नाही. पण शहरात टू-फ्लॅट घेऊन खाली स्वतः राहायचं आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा, असा हिशेब करणारे आपल्यात आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. ही योजना बंद करावी, असं तुमच्या वस्तीत कोणी म्हणू लागलं किंवा तुम्हालाच तसं वाटू लागलं, तर काय पाहायचं, काय मागायचं आणि कशाची घाई करायची नाही, ते सांगण्याचा हेतू आहे.

आधी योजना काय आहे ते. इलिनॉय राज्याने १९८८ साली घरमूल्य हमीचा कायदा केला. तो दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांना लागू आहे. राज्यात असं शहर एकच. त्या कायद्याखाली शिकागोत तीन योजना उभ्या राहिल्या, एक वायव्येला आणि दोन नैऋत्येला. प्रत्येकीचा स्वतंत्र आयोग, स्वतंत्र हद्द आणि स्वतंत्र कर. हद्दीतल्या एक ते सहा बिऱ्हाडांच्या प्रत्येक निवासी इमारतीवर हा कर बसतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाने शुल्क भरून नोंदणी केली की योजनेचा मूल्यमापक घराची किंमत ठरवतो आणि त्या किमतीचं प्रमाणपत्र मिळतं. पुढे किमान पाच वर्षांनी घर विकताना बाजारात तेवढी किंमत आली नाही, तर फरक योजनेने भरून द्यायचा.

इथली मेख नीट लक्षात घ्या. कर सगळ्यांकडून, हमी फक्त नोंदणी केलेल्यांना. बिलावर ओळ आहे म्हणजे आपलं घर सुरक्षित, असं समजणारे भेटतात. तसं काही नाही. प्रमाणपत्र नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या हमीचे पैसे भरताय.

हा कर आला कुठून, ते कळल्याशिवाय तो काढावा की ठेवावा यावर बोलण्यात अर्थ नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत शिकागोत काही दलाल एक धंदा करत. गोऱ्यांच्या वस्तीत एखादं घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकलं जाई, मग दलाल शेजारच्या दारांवर थाप मारून सांगत, आता भाव पडणार, आत्ताच विका. घाबरलेला मालक पडेल भावात विकून उपनगरात जाई आणि तेच घर दलाल चढ्या भावाने कृष्णवर्णीय कुटुंबाच्या गळ्यात मारी. बँका अशा वस्त्यांना कर्ज देत नसत, त्यामुळे घेणाराही नाडला जाई. एकेक रस्ता काही महिन्यांत पालटला. नैऋत्य भागातल्या मार्केट पार्कात ५ ऑगस्ट १९६६ रोजी मोर्चात चालणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांना जमावातून आलेला दगड लागला, तो याच वातावरणात.

शिकागोच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या ओक पार्क या गावाने यावर १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक तोडगा काढला. घाबरून विकू नका, पाच वर्षं थांबा, त्यानंतर विकताना तोटा झाला तर त्याच्या ऐंशी टक्के गाव भरून देईल. फार थोड्यांनी नोंदणी केली आणि एकही दावा द्यावा लागला नाही. गावासाठी त्यापेक्षा स्वस्त धोरण सापडणार नाही. तोच नमुना घेऊन शिकागोच्या बंगलो-पट्ट्यातल्या वस्ती-संघटना १९८०च्या दशकात पुढे आल्या. शहराच्या सभागृहात कृष्णवर्णीय नगरसेवकांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही शेजारी आलो की भाव पडतो, हे गृहीतकच तुम्ही कायद्यात लिहिताय. महापौर हॅरोल्ड वॉशिंग्टन यांचं १९८७च्या नोव्हेंबरात निधन झालं, आणि पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डच्या विधिमंडळाने शहराला वळसा घालून राज्याचाच कायदा केला.

दोन्ही बाजूंचं खरं होतं, असं मला वाटतं. हमीमुळे काही कुटुंबं थांबली असतील. पण नगरसेवकांचा आक्षेप आजही खोडता येत नाही. आणि काळाने एक चमत्कारिक गोष्ट केली आहे. वस्ती पालटण्याच्या ज्या धास्तीने ही योजना जन्मली, ती वस्ती पालटलीच, आणि नव्याने आलेलेच तिचा कर भरत आले. नैऋत्येचा गेज पार्क काय, वायव्येचा बेलमाँट क्रेगिन काय, तिथली बहुसंख्य घरं आज लॅटिनो कुटुंबांची आहेत. एखाद्या गल्लीत तुमच्या-आमच्यासारखं मराठी कुटुंबही.

आता तुमच्या वाट्याचा हिशेब. कुक काउंटीत निवासी घराचं करमूल्य बाजारभावाच्या दहा टक्के धरतात, मग राज्याच्या समीकरण-गुणकाने गुणतात. हा गुणक अलीकडे तीनच्या आसपास असतो; २०२३ साठी तो ३.०१६३ होता. घर तीन लाख डॉलरचं असेल, तर करमूल्य तीस हजार, गुणकानंतर साधारण नव्वद हजार. स्वतः राहत असाल तर घरमालकाची दहा हजारांची सूट वजा, राहिले ऐंशी हजार. कायद्याने या योजनेच्या कराची कमाल मर्यादा ०.१२ टक्के आहे, म्हणजे जास्तीत जास्त शहाण्णव डॉलर. प्रत्यक्षातली ओळ त्याहून पुष्कळ खाली असू शकते. मग एवढ्याशा पैशांसाठी कशाला डोकं लावायचं? नेमकं हेच प्रत्येकाच्या मनात येतं आणि म्हणून असे कर टिकतात. महाराष्ट्रात पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो व्यवसाय कर १९७५ साली रोजगार हमीसाठी आला होता, हे आज किती नोकरदारांना आठवतं? तिथे निदान ती हमी चालू तरी आहे.

योजना बंद करण्याच्या बाजूने सगळ्यात आधी ऐकू येणारं कारण म्हणजे, ‘इतक्या वर्षांत दावे किती थोडे दिले, आणि पैसा बघा किती साठला!’ हे कारण जपून वापरा. ओक पार्कात एकही दावा आला नव्हता, तरी ती योजना फसली असं कोणी म्हणत नाही. हमी असते भीती घालवायला. भीती गेली तर दावे येणारच नाहीत. मी दुसरा आकडा मागेन, गेल्या दहा वर्षांत नवी नोंदणी किती झाली? लोक शुल्क भरून हमी घ्यायला येत असतील, तर धास्ती अजून आहे आणि योजनेला काम आहे. कोणी येतच नसेल, तर जो माल कोणाला नको त्याचं दुकान सगळ्या वस्तीच्या वर्गणीवर चालू आहे. दावे आणि शिल्लक यांपेक्षा नोंदणीचा आकडा खरं बोलतो.

त्यानंतर प्रमाणपत्रांची यादी, सालवार. सगळ्यात जास्त वेळ या एका कागदावर घालवा, कारण बंद करण्याचा खर्च त्यातच लपलेला असतो. हमी ठरलेल्या डॉलरची असते, महागाईबरोबर ती वाढत नाही. कोणी १९९५ साली पंच्याण्णव हजारांचं प्रमाणपत्र घेतलं आणि आज त्या घराला दोन लाख नव्वद हजार येतात असं धरा. भाव दोन-तृतीयांश कोसळल्याशिवाय योजनेला त्या घरापोटी एक पैसा द्यावा लागणार नाही. कपाटात जपून ठेवलेला तो कागद आता कागदच. पण २००६ साली, भाव शिगेला असताना, कोणी तीन लाख दहा हजारांचं प्रमाणपत्र घेतलं असेल आणि आज घर तीन लाखांचं असेल, तर दहा हजारांचं देणं जिवंत आहे. शिकागोतले भाव २००६ नंतर २०१२ पर्यंत एक-तृतीयांशाहून जास्त घसरले होते आणि पुन्हा त्या पातळीला यायला वर्षं लागली. काही गल्ल्यांत ती उंची अजून आलेली नसेल. म्हणून एकूण प्रमाणपत्रं किती, हा आकडा निरुपयोगी. आजच्या बाजारभावापेक्षा वरची किती आणि फरक किती, एवढंच विचारा. त्या फरकांची बेरीज म्हणजे योजनेच्या डोक्यावरचं खरं ओझं. त्यात थोडी गंगाजळी वाईट वर्षांसाठी मिळवा. उरलेली शिल्लक कशासाठी ठेवली आहे, हे मग आयोगाला सांगावं लागेल.

हे कागद मिळवायला वकील लागत नाही. असा आयोग राज्याच्या कायद्याने झालेली, कर घेणारी सार्वजनिक संस्था असतो. इलिनॉयच्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या ईमेलवर अर्ज करता येतो आणि पाच कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कारण असेल तर आणखी पाच दिवस घेता येतात. ‘सगळी माहिती द्या’ असा अर्ज करू नका, तो फेटाळायला सोपा असतो. नेमकं मागा. शेवटच्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, दरवर्षी आकारलेला कर, सालवार नवी नोंदणी, सालवार दिलेले दावे आणि त्यांची रक्कम, कार्यालयाचा खर्च, शिल्लक कुठे गुंतवली आहे. घरमालकांची नावं-पत्ते मागू नका. त्यांची गरज नाही आणि अर्ज तिथेच अडकतो. उत्तर टाळलं गेलं, तर साठ दिवसांच्या आत राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयातल्या सार्वजनिक माहिती सल्लागाराकडे तक्रार करता येते.

कार्यालयाचा खर्च पाहताना दोन रकमा शेजारी ठेवा, वर्षभरात दिलेले दावे आणि वर्षभराचं भाडं-पगार-वकील-विमा. पहिली दुसरीपेक्षा लहान असेल, तर बाकी सांगायला नको. एक खबरदारी मात्र घ्या. नंतरच्या दुरुस्त्यांनी या आयोगांना हमीच्या जोडीला घरदुरुस्तीसाठी कमी व्याजाची कर्जं देण्याचीही मुभा मिळाली आहे. छप्पर किंवा बॉयलर बदलायला शेजारच्या कोणी तिथून कर्ज घेतलेलं असू शकतं. जुन्या बंगलोत राहणाऱ्या वयस्कर मालकांना बँक दारात उभं करत नाही, तिथे ही कर्जं उपयोगी पडतात. योजना बंद झाली तर चालू कर्जांची वसुली कोण करणार, ते पैसे कोणाकडे जमा होणार, हा प्रश्न बैठकीत विचारायला विसरू नका.

बैठका उघड्या असतात. नियमित बैठकीची विषयपत्रिका अठ्ठेचाळीस तास आधी लावावी लागते आणि नागरिकांना बोलू द्यावं लागतं. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. एकच प्रश्न लिहून न्या, वाचा, आणि उत्तर इतिवृत्तात घ्यायला सांगा. तिथे गेल्यावर भाषण करण्याची आपली जुनी खोड आहे. दोन मिनिटांत ‘सर्वप्रथम आयोजकांचे आभार’ एवढंच होतं.

मग बंद करण्याची वाट. योजना मतदारांच्या कौलाने आली आणि राज्याच्या कायद्यावर उभी आहे; त्यामुळे नगरसेवकाने मनात आणलं म्हणून ती जात नाही. मूळ कायदा विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ६५ आयएलसीएस ९५ या क्रमांकाखाली फुकट वाचायला मिळतो. १९८८ नंतर त्यात दुरुस्त्या झाल्या आहेत, म्हणून कोणाच्या जुन्या पत्रकावर विसंबू नका, आजचा मजकूर काढा. विसर्जनासाठी मतदान लागतं का, प्रश्न मतपत्रिकेवर कोण घालू शकतं, सह्या किती, शिल्लक रकमेचं काय, ही चार उत्तरं त्या मजकुरात शोधा. सापडली नाहीत, तर तुमचा मोर्चा आयोगाकडे नव्हे, राज्याच्या प्रतिनिधी आणि सिनेटरकडे जायला हवा. त्यांच्या मतदारसंघाच्या कार्यालयात भेट मिळणं फारसं अवघड नसतं.

मतपत्रिकेवर प्रश्न आलाच, तर तो फक्त योजनेच्या हद्दीतल्या मतदान-केंद्रांवर दिसतो. शहराच्या निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर तुमच्या पत्त्याची नमुना मतपत्रिका आधी पाहून घ्या. ‘विसर्जित करावी का’ असा प्रश्न असेल तर बंद करायला ‘हो’ म्हणायचं असतं. घरी दोनदा वाचा. कर नको म्हणून सवयीने ‘नाही’वर खूण करणारे कमी नसतात. भाडेकरूंनाही मत असतं, त्यांच्याशी बोला. कर त्यांच्या नावावर नसला तरी भाड्यात उतरतोच.

आपल्यातल्या अनेकांसाठी इथे एक धोक्याची जागा आहे. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी वर असाल, तर मत नाही, घर आणि कर कितीही तुमच्या नावावर असोत. नुसतं मत देणं नव्हे, ‘मी नागरिक आहे’ असं खूण करून मतदार नोंदणी करणंसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात जन्माची अडचण करून ठेवतं. वाहन परवान्याच्या कार्यालयात समोरच्या पडद्यावर मतदार नोंदणीचा प्रश्न आला तर घाईत ‘हो’ दाबू नका. २०२०च्या सुरुवातीला तर असं उघडकीला आलं, की आपण नागरिक नाही असं स्वतः सांगितलेल्या पाचशेहून अधिक लोकांची नावं कार्यालयाच्या चुकीने मतदार नोंदणीकडे गेली होती. तसं पत्र आलं तर लगेच लेखी रद्द करून घ्या आणि प्रत जपून ठेवा. बैठकीत बोलणं, माहिती मागणं, आमदाराला भेटणं, यासाठी नागरिकत्व लागत नाही. ते सगळं खुशाल करा.

बंद करायचीच, तर कोणत्या क्रमाने? माझं मत असं. आधी नवी नोंदणी थांबवावी, त्याच दिवशी कर थांबवावा, पण कार्यालयाला कुलूप लावू नये. पाच वर्षांची अट असलेली शेवटची प्रमाणपत्रं ज्यांच्या हातात आहेत, त्यांनी शुल्क भरलं आहे आणि घर विकायचं थांबले आहेत. त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवावेत, ठरावीक मुदतीपर्यंत हमी चालू, किंवा आजच्या फरकाइतके पैसे घेऊन प्रमाणपत्र परत. ज्यांच्या कागदाला आता मोल उरलेलं नाही, त्यांनाही तसं पत्राने कळवावं. आपलं प्रमाणपत्र मेलं आहे हे एखाद्या आजीबाईंना घर विकायला काढल्यावर कळणं बरं नव्हे. हे सगळं भागेल एवढी रक्कम राखून उरलेली शिल्लक ज्यांच्याकडून घेतली त्यांना परत जावी. शहराच्या किंवा शाळेच्या तिजोरीत ती वळवण्याची सूचना हमखास येते. तिला मी तरी हात वर करणार नाही. दोन-पाच जुने मालक घर विकून गेलेले असतात, त्यांना काही मिळत नाही, हा अन्याय राहतोच. तो पुरता दूर करण्याचा सोपा उपाय मला दिसत नाही.

तुमच्या स्वतःकडे प्रमाणपत्र असेल तर एवढं पाहा. ते कोणाच्या नावावर आहे? वडिलांच्या नावाचं घर वारशाने तुमच्याकडे आलं असेल, किंवा घर ट्रस्टमध्ये टाकलं असेल, तर हमी चालू आहे का ते लेखी विचारून घ्या. घर विकण्याच्या बेतात असाल तर दलालाशी करार करण्याआधी योजनेच्या कार्यालयाला कळवा. क्रम चुकला की दावा बुडतो. आग, पाणी किंवा न केलेली दुरुस्ती यांमुळे घटलेली किंमत हमीत धरली जाईल, या भ्रमात राहू नका.

बंद न करता योजना सुधारावी, असंही कोणी म्हणेल. त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचं उदाहरण द्या. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांच्यासारख्यांच्या सल्ल्याने तिथे २००२ साली अशीच हमी सुरू झाली, पण सगळ्या वस्तीवर कर न लावता. ज्याला हमी हवी त्याने घराच्या हमी-रकमेच्या दीड टक्का एकदाच भरायचा, आणि भरपाई त्याच्या घराच्या विक्रीवर नव्हे, तर त्या झिप कोडमधल्या भावांच्या निर्देशांकावर ठरायची. म्हणजे घर नीट न राखणाऱ्याला फायदा नाही. रचना चोख होती, तरी गिऱ्हाईक फार आलं नाही.

शेवटी बिलाकडे परत. कुक काउंटीत कर एक वर्ष मागे चालतो. या वर्षीचं बिल गेल्या वर्षीच्या कराचं असतं. कर घेणाऱ्या संस्था आपली मागणी डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत काउंटी क्लार्ककडे देतात. नोव्हेंबरात योजना बंद करायचा कौल लागला आणि त्या वर्षीची मागणी आधीच दाखल झालेली असली, तर पुढच्या बिलावर ओळ दिसणारच. त्यातही पहिला हप्ता म्हणजे मागच्या एकूण कराच्या पंचावन्न टक्के, हिशेब न करता घेतलेला. जुना कर त्यात मिसळलेला असतो आणि दुसऱ्या हप्त्यात जुळवला जातो. तेव्हा पहिल्या बिलावरून फसवलं-फसवलं असा गलका करू नका. त्यानंतरच्या वर्षी दुसऱ्या हप्त्याच्या बिलावर ओळ राहिली, तर मात्र क्लार्कच्या कर-आकारणी विभागाला पिन क्रमांक घालून लिहा. एस्क्रो असेल तर बँक वर्षातून एकदा हिशेब करते, तेव्हा मासिक हप्ता दोन-चार डॉलरने खाली आला का ते बघा. आणि शिल्लक रकमेचा धनादेश घरी आलाच, तर ज्या वर्षी तुम्ही शेड्यूल ए भरून मालमत्ता कराची वजावट घेतली होती, त्या वर्षाचं विवरणपत्र काढून ठेवा. वजावटीचा फायदा झाला असेल तेवढी परत आलेली रक्कम उत्पन्नात दाखवावी लागते. नेहमीची सरसकट वजावट घेतली असेल तर नाही.